दिल्लीची हवा आणि सिगारचा सरंजाम

दिल्लीत सिगारचा पहिला शत्रू म्हणजे इथली हवा. मे महिन्यात लू सुटते, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर उतरते. ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता अनेकदा ८० टक्क्यांच्या वर जाते. जानेवारीत पहाटे दाट धुकं असतं आणि संध्याकाळी दारं-खिडक्या लावून घरोघरी हीटर चालतात. एका वर्षात एवढी टोकं गाठणाऱ्या शहरात सिगार नीट ठेवणं हेच मोठं काम आहे. कटर आणि लायटर त्यानंतर येतात.

सिगारमध्ये तंबाखूच्या पानाशिवाय जवळजवळ काही नसतं. आत भरणाची पानं, त्यांना बांधून ठेवणारं एक पान आणि सर्वांत बाहेर पातळ, गुळगुळीत वेष्टण. ही पानं आजूबाजूच्या हवेतून ओलावा घेतात आणि हवेला परत देतात. साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ती लवचीक राहतात. त्याखाली गेली तर वेष्टण तडकतं, धूर गरम आणि तिखट लागतो. फार वर गेली तर सिगार फुगतो, ओढायला जड जातो, पुन्हा पुन्हा विझतो आणि शेवटी त्याला बुरशी लागते. विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवणाऱ्या घरांना हा प्रश्न नवा नाही. फरक इतकाच की विड्याचं पान दोन-चार दिवस टिकवायचं असतं आणि सिगार महिनोन् महिने.

हा लेख अशा प्रौढ वाचकासाठी आहे, ज्याने कधीतरी एखादा सिगार ओढायचं ठरवलेलंच आहे आणि आता नेमकं काय घ्यावं हे त्याला कळत नाही. ज्यांनी तंबाखूला हात लावलेला नाही त्यांनी तो लावू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. त्याची कारणं पुढे येतीलच.

ओलाव्याचं गणित

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत किती पाणी आहे याचा थेट आकडा नव्हे. त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, तिच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, हे तो आकडा सांगतो. हवा तापली की तिची वाफ सामावण्याची क्षमता झपाट्याने वाढते. म्हणून तेवढ्याच पाण्याची टक्केवारी घसरते.

जानेवारीची पहाट घ्या. तापमान ८ अंश, धुकं, आर्द्रता १०० टक्के. अशा एक घनमीटर हवेत जेमतेम सव्वाआठ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा खोलीत आली आणि हीटरने २२ अंशांपर्यंत तापवली, की आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. बाहेर धुक्याने काचा ओल्या आणि आत सिगार कोरडा पडतोय, हे दिल्लीत हिवाळाभर घडतं. उलट मे महिन्यात ४५ अंश आणि १५ टक्के असलेल्या हवेत घनमीटरमागे पावणेदहा ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, म्हणजे जानेवारीच्या धुक्यापेक्षाही जास्त. तरी ती हवा पानातला ओलावा ओढून घेते. कारण पानाला ग्रॅमशी देणंघेणं नसतं, त्याला टक्केवारी कळते.

यातून दोन गोष्टी निघतात. बाहेरचं हवामान पाहून पेटीतल्या हवेचा अंदाज बांधू नये. आणि सिगार अशा जागी ठेवावा जिथे तापमान दिवसभरात फार चढउतार करत नाही. फ्लॅटमध्ये आतल्या भिंतीला लागून असलेलं कपाट, त्यातही खालचा कप्पा चांगला. गच्चीखालची खोली किंवा जुन्या वसाहतींमधली बरसाती उन्हाळ्यात भट्टी होते, तिथे नको. कूलरच्या झोतात नको, एसीच्या तोंडासमोरही नको. फ्रीजमध्ये तर नकोच, कारण फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आतली हवा सतत कोरडी करतो आणि तंबाखू शेजारच्या प्रत्येक पदार्थाचा वास घेते. याच कारणाने डांबराच्या गोळ्या ठेवलेलं कपाटही टाळावं.

पहिला खर्च पेटीवर

सिगार ठेवायच्या पेटीला ह्युमिडॉर म्हणतात. दुकानात चकचकीत लाकडी पेट्या समोर मांडलेल्या असतात आणि नवखा माणूस त्यांच्याकडेच ओढला जातो. मी मात्र सुरुवातीला लाकडी पेटी घेऊ नका असंच सांगेन. स्वस्त लाकडी पेटीचं झाकण क्वचितच घट्ट बसतं आणि दिल्लीचा उन्हाळा प्रत्येक फट शोधून काढतो. चार बाजूंनी क्लिप लागणारा, झाकणाला सिलिकॉनचं रबर असलेला अन्नाचा डबा या कामाला उत्तम. डबा नवा हवा. लोणचं किंवा मसाला ठेवलेला डबा कितीही घासला तरी चालणार नाही. आठवड्यातून एकदा तो मिनिटभर उघडला की आतली हवा बदलते.

डब्यात ओलावा राखायला दोन्ही बाजूंनी काम करणारी पाकिटं मिळतात. अमेरिकेतल्या बोव्हेडा कंपनीची पाकिटं त्यात सर्वाधिक ओळखीची आहेत. आत क्षाराचं संपृक्त द्रावण असतं आणि बाहेरचं आवरण फक्त वाफेला वाट देतं. हवा कोरडी झाली की पाकीट वाफ सोडतं, जास्त ओली झाली की परत घेतं. साधा भिजवलेला स्पंज ओलावा देऊ शकतो, जास्तीचा परत घेऊ शकत नाही. म्हणून मे महिन्यात उपयोगी पडणारा स्पंज ऑगस्टमध्ये बुरशीला आमंत्रण देतो. दिल्लीत पाकीटच घ्यावं. त्यावर ६५, ६९, ७२ असे आकडे असतात. घट्ट डब्याला ६५ पुरतं, लाकडी पेटीला ६९ बरं. पंचवीस सिगारांच्या जागेला ६० ग्रॅमचं एक पाकीट, हा साधारण हिशोब. एकाच डब्यात वेगवेगळ्या आकड्यांची पाकिटं ठेवू नयेत, ती एकमेकांविरुद्ध काम करत बसतात. पाकीट कडक झालं की बदलायचं.

पुढेमागे लाकडी पेटी घेतलीच तर तिचं झाकण तपासा. कागदाची पट्टी झाकणात धरून पेटी बंद करा आणि पट्टी ओढा. ती सहज निघाली तर तिथे फट आहे. नवी पेटी आधी ओलाव्याला सरावून घ्यावी लागते. त्यासाठी ८४ टक्क्यांचं पाकीट आत ठेवून रिकामी पेटी दोन आठवडे बंद ठेवतात. आतून ओल्या फडक्याने पुसण्याची जुनी पद्धत टाळावी, लाकूड वाकतं. स्पंजवाली पेटी असेल तर तिला नळाचं पाणी देऊ नये. गुरुग्राम-नोएडाकडचं जड पाणी क्षारांचा थर ठेवून जातं. तिथे डिस्टिल्ड पाणीच हवं.

या पेट्यांच्या आतलं लाकूड सहसा सेड्रेला ओडोराटा या झाडाचं असतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे झाड महोगनीच्या कुळातलं आहे. त्याचा मंद, गोडसर वास तंबाखूला मानवतो आणि ओलाव्याने ते सहज फुगत-कुजत नाही. आपल्याकडचा तून त्याच कुळातला, त्याचा जवळचा भाऊबंद. सतारीच्या कामात वापरलं जाणारं हे लाकूड मराठी माणसाला परकं नाही.

मापकावर विश्वास ठेवण्याआधी

२९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या मुंगेशपूर इथल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या एका केंद्राने ५६ अंश दाखवले. हवामान विभागाने तपासणी केली तेव्हा मुंगेशपूरचा संवेदक तीन अंश जास्त दाखवत होता आणि नागपूरच्या यंत्रातही बिघाड होता असं निष्पन्न झालं. सरकारी केंद्रातलं यंत्र चुकू शकतं, तर पेटीत लावलेला काही रुपयांचा आर्द्रतामापक चुकणार नाही असं कसं मानायचं?

पेटीच्या झाकणात बसवलेले पितळी काट्याचे गोल मापक दिसायला देखणे असतात, पण अनेकदा पाच-दहा टक्क्यांनी चुकतात. छोटा डिजिटल मापक घ्यावा आणि तोही वापरण्याआधी तपासून घ्यावा. तपासणी घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि त्यात पाण्याचे काही थेंब टाका. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ते झाकण आणि मापक एका लहान हवाबंद डब्यात किंवा झिपच्या पिशवीत एकत्र ठेवा, पण मीठ मापकाला लागू देऊ नका. एक पूर्ण दिवस तसंच राहू द्या. खोलीच्या तापमानाला संपृक्त मिठाच्या द्रावणावरची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते. हा निसर्गाने दिलेला प्रमाणित आकडा आहे. मापक ७१ दाखवत असेल तर तो चार टक्के कमी सांगतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं. दर सहा महिन्यांनी, म्हणजे उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या तोंडाशी, ही तपासणी पुन्हा करावी.

उन्हाळा आणि किडा

ओलावा सांभाळला तरी दिल्लीत तापमानाचा प्रश्न उरतो. सिगारला १८ ते २१ अंश मानवतात. तंबाखूत लॅसिओडर्मा सेरिकॉर्न नावाच्या बारीक भुंग्याची अंडी असू शकतात. हळद, मिरची, धने यांना लागणारा किडा तो हाच. पारा चोवीस-पंचविसाच्या वर काही काळ राहिला की अंडी फुटतात आणि अळ्या पान पोखरतात. वेष्टणावर टाचणीने केल्यासारखं गोल भोक आणि डब्याच्या तळाशी तपकिरी भुकटी दिसली, तर किडा लागला आहे. एका सिगारमधून तो सगळ्या डब्यात पसरतो.

चोवीस तास एसी चालवणं कुणालाच परवडणारं नाही आणि योग्यही नाही. त्यापेक्षा एप्रिल ते सप्टेंबर कमी सिगार बाळगणं हा सोपा उपाय. किड्याची शंका आली तर सिगार दुहेरी झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करायचे आणि घरच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना तीन-चार दिवस ठेवायचे. मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या भागात, त्यानंतर बाहेर, आणि पूर्ण वेळ पिशवी बंदच. थेट फ्रीझरमधून उन्हाळ्याच्या हवेत काढले तर वेष्टण तडकतं.

कटर

सिगारच्या तोंडाकडच्या टोकावर पानाची छोटी टोपी चिकटवलेली असते. तिने वेष्टण सुटू नये म्हणून धरून ठेवलेलं असतं. कापायचं ते या टोपीचं फक्त टोक, दीड-दोन मिलिमीटर. टोपी जिथे संपते त्या रेषेच्या खाली पातं गेलं तर ओढता ओढता सिगार उलगडत जातो.

नवख्याने दोन पात्यांचा साधा कटर घ्यावा. दोन्ही बाजूंनी दाब सारखा पडतो, त्यामुळे पान चुरगळत नाही. एका पात्याचा कटर पान ढकलत नेतो. पंच कटर टोपीत गोल छिद्र पाडतो आणि खिशात मावतो, पण निमुळत्या टोकाच्या सिगारला तो चालत नाही. व्ही आकाराची खाच पाडणारा कटरही चांगला, मात्र त्याचं पातं बोथट झालं की पान फाटतं. स्वयंपाकघरातली सुरी, ब्लेड किंवा दात यांपैकी काहीही वापरू नये.

कटर घेताना त्याच्या छिद्राचं माप पाहावं. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ५० माप म्हणजे ५०/६४ इंच, साधारण २० मिलिमीटर. हल्ली ५४ आणि ६० मापाचे जाड सिगारही मिळतात, तेव्हा छिद्र किमान ५४ तरी हवं. कापताना कटर सपाट धरा, पातं टोपीला हलकेच टेकवा आणि मग एकाच ठाम दाबात कापा. चाचरत कापलं की कड फाटते.

आग

सिगारला वासरहित आग लागते. पेट्रोलवर चालणारा लायटर पहिल्या झुरक्यात इंधनाची चव मिसळतो. मेणबत्तीचं मेणही तसंच, आणि सुगंधी मेणबत्ती तर अजिबात नको. ब्यूटेन गॅसचा लायटर चांगला. गच्चीवर वारा असेल तर निळ्या झोताचा, घरात मऊ पिवळ्या ज्योतीचा. काडेपेटी वापरणंही उत्तम, फक्त काडीचं टोक पूर्ण जळून गंधकाचा वास गेल्यावरच ती जवळ न्यावी. आपल्या नेहमीच्या काड्या आखूड असतात, जाड सिगार पेटेपर्यंत बोटं भाजतात. लांब काड्या घ्याव्यात किंवा दोन एकदम पेटवाव्यात.

ज्योत सिगारला टेकवायची नसते. सिगार तिरका धरून, ज्योतीच्या किंचित वर, हळूहळू फिरवत आधी कड शेकायची. कडेभोवती राखाडी वर्तुळ दिसलं की मग ओढत मध्यभाग पेटवायचा. त्यानंतर मिनिटाला एखादा झुरका पुरे. घाई केली की आतली पानं जास्त तापतात आणि चव कडू होते.

ब्यूटेन शून्याच्या जरा खाली, उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणून जानेवारीत चार-पाच अंशांच्या रात्री लायटरमधला दाब पडतो आणि ज्योत दुबळी होते. तो आतल्या खिशात ठेवला की शरीराच्या उबेने काम भागतं. उन्हाळ्यात प्रश्न उलटा. लायटरवर ५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नये अशी सूचना असते आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी हा आकडा सहज ओलांडते. गाडीत लायटर ठेवू नका, सिगारही नाही. गॅस भरण्याआधी छोट्या पेचकसाने झडप दाबून आतली जुनी हवा जाऊ द्यावी, लायटर उलटा धरून भरावा आणि काही मिनिटं थांबूनच पेटवावा. हे काम बाल्कनीत, कोणतीही आग जवळपास नसताना करायचं. ब्यूटेन हवेपेक्षा जड असतो, तो खोलीत खाली साचतो. विमानप्रवासात लायटर ना हातातल्या सामानात चालतो ना चेक-इन बॅगेत, आणि पात्यांचा कटर चेक-इन बॅगेतच टाकावा.

ॲशट्रे आणि कायदा

सिगारेटच्या ॲशट्रेत सिगार नीट बसत नाही. रुंद, खोल आणि जड, लांब खाच असलेला ॲशट्रे लागतो. चिनी मातीचं एखादं जाड भांडंही चालेल. राख इंचभर झाली की ती हळूच टेकवून पाडायची, झटकायची नाही. उरलेला तुकडा चिरडू नये, ठेवून द्यावा म्हणजे आपोआप विझतो. चिरडला की उग्र वास सुटतो. पूर्ण थंड झाल्याशिवाय तो कचऱ्यात जाता कामा नये.

ॲशट्रे कुठे ठेवायचा हे कायदाही सांगतो. दिल्लीने १९९६ मध्येच सार्वजनिक जागी धूम्रपानावर बंधन घालणारा स्वतःचा कायदा केला होता. पुढे देशासाठी २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम लागू झाले. धूम्रपानबंदी असलेल्या सार्वजनिक जागी ॲशट्रे, काडेपेटी किंवा लायटर पुरवणंसुद्धा या नियमांनी मना केलं आहे. तीस किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं, तीस किंवा जास्त आसनांची उपाहारगृहं आणि विमानतळ यांना वेगळी, बंदिस्त जागा ठेवता येते. मोठ्या हॉटेलांतले सिगार लाउंज याच तरतुदीवर चालतात.

सिगारच्या पेटीवर ८५ टक्के भागावर सचित्र इशारा, आयातदाराचं नाव आणि कमाल किंमत छापलेली नसेल तर तो माल चोरट्या वाटेने आलेला समजावा. तो किती महिने कुठल्या गोदामात तापला हे कोणीही सांगू शकणार नाही. परदेशातून येताना २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार पंचवीसपर्यंत सिगार शुल्काशिवाय आणता येत होते; सध्याचा नियम निघण्याआधी तपासून घ्यावा.

शरीराचा हिशोब

सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी, असा समज सर्रास आहे. तो चुकीचा आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे त्यातलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारच्या परिणामांवर स्वतंत्र ग्रंथ काढला. तोंड, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध त्यात स्पष्ट मांडला आहे. सिगारेटमध्ये ग्रॅमभरही तंबाखू नसते, मोठ्या सिगारमध्ये ती ५ ते २० ग्रॅम असू शकते. एका सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते ती अशी. कुठलाही कटर किंवा पेटी हा धोका कमी करत नाही.

घरातल्या इतरांचाही हिशोब यातच येतो. हिवाळ्यात बाहेरची हवाच विषारी झालेली असते, खिडक्या बंद असतात. अशा खोलीत तासभर जळणारा सिगार लहान मुलांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या छातीवर जातो. घरात ओढायचाच नाही हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. बाल्कनीत ओढताना वरच्या मजल्यावरची खिडकी उघडी आहे का, हे आधी पाहावं.

खरेदीचा क्रम

आधी घट्ट डबा, मग ६५ चं पाकीट, मग डिजिटल मापक आणि मिठाची तपासणी. हे तिन्ही जमल्यावर दोन पात्यांचा कटर आणि लांब काड्यांची पेटी. लायटर त्यानंतर, आणि लाकडी पेटी सर्वांत शेवटी. डबा आणल्यावर पहिले दोन आठवडे त्यात एकही सिगार ठेवू नका. फक्त पाकीट आणि मापक ठेवा, सकाळ-संध्याकाळचा आकडा वहीत टिपून घ्या. तो ६३ ते ६७ च्या दरम्यान राहिला तर चार-पाच सिगार आणा, त्याहून जास्त नको. कमी सिगार बाळगले की कमी ओढले जातात, आणि तब्येतीच्या दृष्टीने तेच बरं. हा डबा दिल्लीचा एक पूर्ण उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा न डगमगता काढेल, तेव्हाच मोठ्या पेटीचा विचार करावा.